ब्राउझरची घडण आणि समाजाचे ऋण

रेल्वेचे आरक्षण करणारा प्रवासी, सातबाऱ्याचा उतारा पाहणारा शेतकरी आणि परीक्षेचा निकाल शोधणारा विद्यार्थी हे तिघेही एकाच साधनातून पलीकडे पाहत असतात. ते साधन म्हणजे ब्राउझर होय. खिडकीतून पाहणाऱ्याचे लक्ष बाहेरच्या दृश्याकडे असते, काचेकडे नसते. त्याचप्रमाणे ब्राउझर कोणी घडविला आणि तो घडविणाऱ्यांचा योगक्षेम कसा चालतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या देशात शासनाचा बराचसा व्यवहार या काचेतून चालतो, त्या देशाने हा प्रश्न विचारावयास हवा.

प्रथम या यंत्राचे कार्य समजून घेणे इष्ट होईल. दूरच्या संगणकाकडून येते ती केवळ खुणांनी भरलेली मजकुराची एक लांब माळ. तिचे पृथक्करण करणे, प्रत्येक भागाचा रंग व आकार ठरविणे, पडद्यावरील त्याची जागा मोजून काढणे, ते चित्र रेखाटणे आणि पानासोबत आलेल्या आज्ञावली चालविणे, ही सर्व कामे ब्राउझरचे ‘इंजिन’ क्षणार्धात पार पाडते. त्यातील एकच लहानसे काम पाहावे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन शब्दांत डोंगर आणि समुद्र यांच्याइतके अंतर आहे. पण पडद्यावर ते अंतर केवळ रकाराच्या खुणेवर अवलंबून असते. ‘कि’ या अक्षरातील वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘क’नंतर साठविलेली असते, डोळ्यांना मात्र ती आधी दिसावी लागते. अक्षरजुळणीचे हे काम फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांत ‘हार्फबझ’ नावाचे मुक्तस्रोत साधन करते. मराठी वाचकाला पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, ती अशा अनामिक श्रमांच्या बळावर.

मुक्तस्रोत म्हणजे ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि इतरांना देता येते अशी निर्मिती. या स्वातंत्र्याचे मोल इतिहासात स्पष्ट दिसून येते. १९९८ साली नेटस्केप या कंपनीने, स्पर्धेत मागे पडत असताना, आपल्या ब्राउझरची संहिता जगापुढे खुली केली. पुढे २००३ साली नेटस्केपचा विभाग बंद झाला. पण संहिता मेली नाही. तिच्याभोवती जमलेल्या लोकांनी मोझिला प्रतिष्ठानाच्या आश्रयाने काम चालू ठेवले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या काळी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी येण्यास २००६ साल उजाडले. प्रतिस्पर्धी उरला नाही की सुधारणेची निकडही उरत नाही, हा धडा त्या पाच वर्षांनी जगाला दिला.

दुसरे उदाहरण अधिकच बोधप्रद आहे. केडीई या स्वयंसेवकांच्या समूहाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘केएचटीएमएल’ नावाचे इंजिन रचले. ॲपलने २००३ साली जाहीर केलेला सफारी हा ब्राउझर त्याच्याच पायावर उभा राहिला. परवान्याच्या अटीमुळे इंजिनातील सुधारणा खुल्या ठेवणे ॲपलला भाग होते. त्यातून वेबकिट निर्माण झाले. वेबकिटच्या आधारे गूगलने २००८ मध्ये क्रोम आणला आणि २०१३ मध्ये आपली वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक असे नाव दिले. थोडक्यात, ज्या इंजिनांवर आज जगातील बहुतेक भ्रमणध्वनींमधील ब्राउझर चालतात, त्यांचे मूळ काही हौशी अभ्यासकांच्या फावल्या वेळात सापडते.

ब्राउझर घडविणाऱ्यांना नवी प्रोग्रॅमिंग भाषा घडविण्याची गरज का भासली, हेही येथे पाहिले पाहिजे. मोठी इंजिने प्रामुख्याने सी++ या भाषेत लिहिली गेली. ही भाषा वेगवान आहे. परंतु स्मृतीचा कोणता भाग वापरात आहे आणि कोणता सोडून दिला आहे, याचा हिशेब ती बव्हंशी लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोपविते. संहिता कोट्यवधी ओळींची झाली की ही दक्षता कोठेतरी चुकतेच. क्रोममधील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरहिशेबातून उद्भवतात, असे गूगलच्याच अभियंत्यांनी २०२० मध्ये नमूद केले. असा दोष म्हणजे केवळ तांत्रिक उणीव नव्हे. त्यातूनच चोराला नागरिकाच्या बँकखात्याची वाट सापडू शकते.

व्हँकूव्हर शहरात एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या ग्रेडन होअर या अभियंत्याला २००६ साली लिफ्टच्या आज्ञावलीत बिघाड झाल्यामुळे जिने चढावे लागले. त्याच सुमारास त्याने रस्ट या भाषेची आखणी स्वतःपुरती सुरू केली. तिचे तत्त्व ग्रंथालयाच्या नोंदवहीसारखे आहे. प्रत्येक वस्तूचा मालक एकच असतो. ती वस्तू एका वेळी अनेकांना वाचावयास देता येते, किंवा एकाच व्यक्तीला बदल करण्यासाठी देता येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. हा नियम मोडला तर कंपायलर ती आज्ञावली स्वीकारतच नाही. मोझिलाने २००९ मध्ये या भाषेला आश्रय दिला आणि २०१२ पासून सर्वो नावाचे प्रायोगिक इंजिन तिच्यात रचावयास घेतले. पानाची शैली ठरविण्याचे काम अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी वाटून देण्याचे मोझिलाचे सी++ मधील दोन प्रयत्न पूर्वी फसले होते. रस्टमध्ये ते साधले आणि २०१७ मध्ये ते फायरफॉक्समध्ये समाविष्ट झाले. भाषा आणि इंजिन एकमेकांच्या कसोटीवर वाढली, हे या प्रयोगाचे खरे फलित होय.

येथवरची कथा आनंददायक आहे. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० कर्मचाऱ्यांना कमी केले आणि सर्वोवर काम करणारा संघ विखुरला. संहिता मुक्त असल्यामुळे सर्वो नष्ट झाला नाही. तो त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनकडे गेला, काही काळ मंदावला आणि २०२३ पासून पुन्हा वाढू लागला. रस्टसाठीही २०२१ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. परवाना संहितेला मरू देत नाही, हे खरे. पण परवाना कोणाची चूल पेटवीत नाही, हेही तितकेच खरे. मोझिलाचे बहुतांश उत्पन्न शोधसेवेच्या करारांतून, आणि त्यातही मुख्यतः गूगलकडून, आलेले आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर स्पर्धा टिकवावी लागणे, यास सुस्थिती म्हणता येणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, क्रोमियमसारखे समर्थ इंजिन खुले असताना इतर इंजिनांवर श्रम का वेचावेत? ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडले आणि मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये तोच मार्ग जाहीर केला. एवढ्या धनाढ्य संस्थेला जे परवडले नाही, ते इतरांना कसे परवडावे? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. तथापि संहिता खुली असणे आणि तिची दिशा ठरविण्याचा अधिकार वाटलेला असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रमाणकांचे लेखी नियम सर्वांसाठी असतात. पण इंजिन एकच उरले तर त्या इंजिनाचे वर्तन हाच नियम बनतो. आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इंजिने तीनच आहेत. लेडीबर्डसारखा संपूर्णपणे नव्याने लिहिला जाणारा ब्राउझर २०२४ पासून ना-नफा संस्थेच्या द्वारे देणग्यांवर वाढत आहे, ही गोष्ट केवळ हौस म्हणून सोडून देता येत नाही. प्रमाणके केवळ वाचून इंजिन उभारता येते की नाही, याची तपासणीही त्यातून होत असते.

भारताने या बाबतीत काय केले? केंद्र शासनाने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि २०२५ मध्ये झोहो या कंपनीला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. हा उपक्रम स्वागतार्ह होता. परंतु झोहोचा उला हा ब्राउझर क्रोमियमच्याच पायावर उभा आहे. यात त्या कंपनीचा दोष नाही. एका स्पर्धेच्या मुदतीत नवे इंजिन कोणालाच उभारता येत नाही. दोष असलाच तर तो अपेक्षेचा आहे. पारितोषिकाने वस्तू मिळते; इंजिनाचे अंतरंग जाणणारी पिढी मात्र वर्षानुवर्षांच्या पाठबळानेच तयार होते.

जर्मनीने २०२२ मध्ये पायाभूत मुक्तस्रोत साधनांच्या देखभालीसाठी शासकीय निधी स्थापन केला. भारतात झेरोधा या खासगी कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरांचा निधी जाहीर केला. सार्वजनिक क्षेत्राने याच्या मागे राहण्याचे कारण नाही. जी संहिता कोट्यवधी नागरिक रोज वापरतात, तिची देखभाल करणाऱ्या तरुणांना विज्ञान संशोधकांप्रमाणे शिष्यवृत्त्या मिळाव्यात. जागतिक प्रकल्पाने तपासून स्वीकारलेली दुरुस्ती ही अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रकल्पकार्य म्हणून मान्य करावी. भारतीय लिप्यांच्या कसोट्या तयार करून त्या सर्व इंजिनांना खुल्या कराव्यात. देवनागरीतील चूक मराठी वाचकाला जितक्या लवकर दिसेल, तितक्या लवकर ती परदेशातील अभियंत्याला दिसणार नाही.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस अवाढव्य खर्च लागत नाही. लागते ती सातत्याची वृत्ती. गावची विहीर सर्वांची असते, म्हणून तिचा गाळ काढण्याचे काम कोणाचेच नाही असे ठरले, तर एखाद्या उन्हाळ्यात सारे गाव तहानेले राहते. मुक्तस्रोत संहितेचीही तीच गत आहे. भारताने या विहिरीचे पाणी आजवर भरपूर घेतले आहे. आता गाळ काढण्याच्या कामातही आपला वाटा उचलणे, हे त्या ऋणाची फेड करण्याचे सर्वांत साधे साधन होय.