नोंदवही गावाची, अक्षर कुणाचं?

फाल्गुन लागला की लोहा तालुक्यातले बांध पेटतात. गवत जळून रान साफ होतं म्हणून काडी लावायची. मग भुईवर अंडी घालणारी टिटवी, तित्तर, चंडोल होरपळतात, बांधावरची बोर-बाभूळ करपते. ही आग गावानं दरसाल पाहिली आहे, तिचं नव्यानं वर्णन नको. आज विचारायचं आहे ते ग्रामपंचायतीच्या कपाटाबद्दल. तिथे ‘लोक जैवविविधता नोंदवही’ नावाचं एक बाड असतं आणि त्यात या टिटवीचा पत्ता आहे का, हे गावातल्या कुणालाच सांगता येत नाही.

हे बाड आलं २००२च्या जैविक विविधता कायद्यातून. प्रत्येक पंचायतीनं समिती नेमायची, त्यात एक तृतीयांश बाया हव्यात आणि लोकांना विचारून नोंदवही लिहायची. वर्षांमागून वर्षं गेली, कुणी हललं नाही. प्रकरण २०१६ साली हरित लवादापुढे गेलं तेव्हा सबंध देशात नोंदवह्या होत्या १,३८८. मग लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपयांची तंबी दिली. मुदत संपली तेव्हा आकडा ९५ हजारांवर गेला होता! दंडाच्या भीतीनं एवढं ज्ञान उगवतं हे ठाऊक असतं, तर शाळा कशाला काढल्या असत्या?

हे कसं जमलं ते उघड गुपित आहे. कित्येक ठिकाणी काम एजन्सीला गेलं. तिचा माणूस एक दुपार येऊन चहा पिऊन गेला. शेजारच्या गावाची यादी घेतली, वरचं नाव बदललं, सरपंचाची सही, शिक्का, झालं. मेंढपाळाला कुणी विचारलं नाही. खुरपायला जाणाऱ्या बाईला तर नाहीच.

“इथं जंगलच कुठंय, लिहिणार काय?” हा पहिला ठरलेला सवाल. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत, हे खरं. पण काळवीट, खोकड, लांडगा हे माळाचेच रहिवासी. त्यांना सागवान लागत नाही. माळाला ‘पडीक’ म्हणणारा कागद त्यांना बेघर करतो. आणि लाल कंधारी? कंधार-लोह्याच्या मातीतली, कोरड्या वैरणीवर तग धरणारी ही गाय मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दावणीनं उभी असते. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या भज्जीत काय काय पडतं, आघाडा-तरोट्याची भाजी कधी खुडायची, हे सांगणाऱ्या आज्या घरोघरी आहेत. नमुन्यात ‘पूर्वीची स्थिती’ आणि ‘आजची स्थिती’ असे वेगळे रकाने आहेत. ते भरायला सत्तरीतलं माणूस लागतं, लॅपटॉप नाही.

दुसरा सवाल जास्त चीड आणणारा: “अडाणी लोकांना शास्त्र काय कळतं?” अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० साली पद्मश्रीसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. शास्त्रीय नाव मागाहून वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक घालील. आधी झाड तर दाखवायला कुणी पाहिजे.

“कागदाच्या तुकड्यानं काय फरक पडतो?” पडतो. गावाच्या हद्दीतली जैवसंपदा कुणाला व्यापारासाठी हवी असेल तर जैवविविधता मंडळानं गावसमितीचा सल्ला घ्यावा आणि समितीला शुल्क आकारता यावं, असं कलम ४१ सांगतं. उसनवारीच्या यादीवर कसला सल्ला देणार? आणि माळावर टिटवीच नोंदलेली नसेल, तर तिची अंडी जाळणाऱ्याला कुठल्या तोंडानं अडवणार?

तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नोंदवही कपाटातून काढायला लावा आणि पानं मोठ्यानं वाचून घ्या. माहिती देणाऱ्यांच्या यादीत गावातल्या किती जणांची नावं आहेत ते मोजा. समितीतल्या बायांना त्या सभासद आहेत हे तरी माहीत आहे का, विचारा. उत्तर नाही आलं तर नोंदवही नव्यानं लिहिण्याचा ठराव त्याच सभेत मांडा, आणि पहिलं पान मेंढपाळाच्या तोंडून लिहून घ्या.