यादीत दिसलं नाही म्हणून वाचकाला परत पाठवू नका

गावोगावच्या काही सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांची यादी आता ॲक्सेस किंवा लिब्रेऑफिस बेसमध्ये ठेवलेली असते. ती सांभाळणाऱ्या ग्रंथपालांना आणि कर्मचाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : फिल्टर लावून पुस्तक दिसलं नाही, तरी ‘आमच्याकडे नाही’ असं लगेच सांगू नका. पुष्कळदा ते कपाटात असतं. नोंद वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली असते, एवढंच. शाळकरी मुलगी एकदा रिकाम्या हाताने परत गेली, तर पुन्हा येईलच असं नाही.

वि. स. खांडेकरांचंच नाव घ्या. एका नोंदीत ‘वि. स. खांडेकर’, दुसरीत ‘वि.स.खांडेकर’, तिसरीत ‘खांडेकर वि. स.’. आपल्याला माणूस एकच दिसतो, संगणकाला तीन. टिंब आणि त्यापुढची मोकळी जागा हीसुद्धा तो अक्षरांसारखीच मोजतो. त्यामुळे ॲक्सेसमध्ये ‘इक्वल्स’ निवडून पूर्ण नाव लिहिलं, की बाकीच्या दोन नोंदी डोळ्यांआड जातात. लेखकाच्या रकान्यावर माउसचं उजवं बटण दाबा, ‘टेक्स्ट फिल्टर्स’मधलं ‘कन्टेन्स’ घ्या आणि नुसतं आडनाव लिहा. यादी थोडी लांबेल, पण पुस्तक सापडेल.

शीर्षकांत ऱ्हस्व-दीर्घ छळतात. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची. शासनाने शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले ते १९६२ साली. मुखपृष्ठ पाहून नोंद करणारा ‘ययाति’ लिहितो, नियम पाळणारा ‘ययाती’. दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ॲक्सेसच्या क्वेरीत निकषाच्या चौकटीत ‘यया*’ लिहा, दोन्ही नोंदी येतील. तो स्टार म्हणजे ‘पुढे काहीही असो’. ‘*कु*कर्णी*’ लिहिलं, तर कुलकर्णी आणि कुळकर्णी एकत्र मिळतात. एसक्यूएल थेट लिहिणाऱ्यांनी मात्र बेसमध्ये स्टारऐवजी टक्क्याचं चिन्ह वापरावं.

जुन्या याद्यांची गोष्ट वेगळी. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरं असतात. युनिकोडमध्ये ‘खांडेकर’ टाइप करून तिथे काहीच हाती लागणार नाही, मग कोणताही फिल्टर लावा. यादीचा फॉन्ट बदलून बघा. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर ती यादी युनिकोडमध्ये आणावीच लागेल. त्याआधी फाइलची प्रत दुसरीकडे जपून ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी घ्या ती पुस्तक पडताळणीच्या वेळी. मोजणी सुरू करण्याआधी ॲक्सेसमध्ये पडद्याच्या तळाशी ‘फिल्टर्ड’ असं लिहिलेलं नाही ना, हे बघा. कालचा फिल्टर तसाच राहिला असेल, तर अर्धीच यादी छापली जाईल. दुसरा धोका रिकाम्या रकान्यांचा. कादंबऱ्या सोडून बाकीची पुस्तकं हवीत म्हणून क्वेरीत <> "कादंबरी" एवढंच लिहिलं, तर ज्यांचा प्रकार भरलेलाच नाही ती पुस्तकंही वगळली जातात. कादंबऱ्यांच्या यादीत ती नसतात आणि इतर पुस्तकांच्या यादीतही नसतात. रिकाम्या नोंदींसाठी ‘इज नल’ असा वेगळा निकष लावा आणि ती यादी हातात घेऊन कपाटापर्यंत जा. ‘गहाळ’ असा शेरा त्यानंतरच मारा.

आणि जमेल तेव्हा लेखकांचं स्वतंत्र टेबल करा. प्रत्येक लेखकाला एक क्रमांक द्या, नाव तिथे एकदाच लिहा आणि पुस्तकाच्या नोंदीत ते यादीतून निवडा. हे काम एका दिवसात होणार नाही. सर्वांत जास्त मागणी असलेल्या लेखकांपासून सुरुवात करा, रोज थोड्या नोंदी दुरुस्त करा, आणि नव्याने येणारं प्रत्येक पुस्तक आजपासूनच या पद्धतीने दाखल करा.