शेतकऱ्याच्या हातीं रायफल

पिकाच्या राखणीसाठीं शेतकऱ्यानें कोणतें साधन बाळगावें, हा प्रश्न आतां गोफण व बुजगावणें यांच्यापुरता राहिलेला नाहीं. रानडुकरांच्या उपद्रवानें गांजलेले अनेक शेतकरी आज एकच मागणी करितात. ती ही कीं, ठासणीच्या बंदुकीऐवजीं आम्हांस बोल्टची रायफल मिळावी. या मागणीस आमचा विरोध नाहीं. तथापि हें हत्यार कोणास पेलेल आणि कोठें पेलेल याचा विचार न करितां ती पुढें रेटल्यास डुकरांपेक्षां माणसांचाच घात अधिक व्हावयाचा, असें आमचें स्पष्ट मत आहे. अशी रायफल बाळगून व वापरून जें दिसून आलें, तें गुणदोषांसह वाचकांपुढें ठेवीत आहों.

रानडुक्कर हें मोठें सावध जनावर आहे. दिवसां तें ओढ्याकांठच्या झाळींत, वेड्या बाभळींच्या रानांत किंवा उभ्या उसांत दडून बसतें व अंधार पडल्यावर कळपानें बाहेर पडतें. भुईमूग तें मुळासकट उकरतें, मक्याचीं ताटें आडवीं करितें, उसाचीं कांडीं चावून टाकितें. खातें त्याहून तुडवितें अधिक. मादी सुमारें ११५ दिवसांत विते आणि एका वेतास चार-सहा पिल्लें सहज होतात. ज्या रानांतून वाघ नाहींसा झाला, तेथें या वाढीस आळा घालणारें फारसें कोणी उरत नाहीं. चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत मातींत गेलेली ज्यानें पाहिली, त्यास धीर धरण्याचा उपदेश करणें हें शहरांतील सुखवस्तु माणसाचें काम आहे. आम्ही तें करणार नाहीं.

कायद्यानें शेतकऱ्याच्या हातीं काय दिलें आहे तें प्रथम पाहूं. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत झालेल्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी प्रजा जवळजवळ निःशस्त्र झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा कायदा झाला. त्याच्या १३ व्या कलमांत पिकाच्या रक्षणाचा वेगळा उल्लेख आहे. या कामीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावयाचा, आणि ती पुरेशी नाहीं असें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास वाटल्यास त्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देतां येतो. म्हणजे इतर देशांतील शिकारी काडतुसाची रायफल सर्रास वापरीत असतां, आमच्या शेतकऱ्यास त्याच्या आज्याचेंच हत्यार पुरे, अशी कल्पना कायदा करणाऱ्यांच्या मनांत होती.

ठासणीच्या बंदुकीचा अनुभव ज्यांस आहे, त्यांस तिचे दोष सांगावयास नकोत. तोंडाकडून नळींत दारू ओतावयाची, त्यावर बोळा, त्यावर छर्रे, तें सर्व गजानें ठासावयाचें आणि टोपी बसवून चाप ओढावयाचा. पावसाळ्यांत दारू सर्द होते व बार फुसका जातो. बार झालाच तर धुरापलीकडचें कांहीं दिसत नाहीं, आणि दुसरा भरेपर्यंत कळप शिवार सोडून जातो. तिचा शिशाचा छर्रा डुकराच्या जाड कातडीपलीकडे मर्मापर्यंत क्वचितच पोहोंचतो. मग जखमी डुक्कर झाळींत तडफडत पडतें आणि सकाळीं पाणी धरावयास जाणाऱ्या माणसावर धांवून येतें. १२ बोअरची काडतुसाची बंदूक याहून पुष्कळ बरी. परंतु मोठे छर्रे घातले तरी तिचा भरंवसा ४० यार्डांच्या आंतच धरावा.

बोल्टच्या रायफलीची गोष्ट निराळी आहे. दाराचा अडसर जसा सरकतो व फिरवून अडकवितां येतो, तसाच तिचा बोल्ट. मूठ वर उचलून मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें लोटून खालीं दाबली कीं पेटींतील नवें काडतूस नळींत बसतें व मागची वाट घट्ट बंद होते. जर्मनींतील पॉल मौझर यांच्या १८९८ सालच्या नमुन्यांत ही रचना इतकी पक्की झाली कीं, पुढील बहुतेक शिकारी रायफलींनीं तिचाच कित्ता गिरविला. बोल्टच्या पुढच्या टोकास दोन दणकट कान असतात. ते खोबणींत फिरून बसतात व स्फोटाचा सर्व जोर सोसतात. अमेरिकेंत १९६२ सालीं निघालेली रेमिंग्टन ७०० घ्या किंवा फिनलंडांत २००३ सालीं निघालेली टिक्का टी-३ घ्या. लांकडी दस्त्याच्या जागीं कृत्रिम द्रव्याचा दस्ता आला, वजन घटलें, पण मूळ तत्त्व तेंच राहिलें.

परदेशी हत्यार मागविण्यावर आपल्याकडे कडक निर्बंध असल्यानें त्या रायफली सामान्य शेतकऱ्याच्या वांट्यास यावयाच्या नाहींत. त्यास मिळण्यासारखी आहे ती बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत बनणारी .३१५ मापाची. .३०३ हें लष्करी माप नागरिकांस वर्ज्य, म्हणून ब्रिटिश अमदानींत हें वेगळें माप प्रचारांत आलें. हिच्या बोल्टची रचना ली-एन्फील्ड या लष्करी रायफलीच्या घराण्यांतील आहे. तींत कान पुढें नसून मागें असतात, व बोल्ट फार चपळ चालतो.

अशा रायफलीच्या मालकास प्रथम जाणवतो तो तिचा सरळपणा. नळींतील पिळाच्या खांचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत सरळ जाते. नेम धरणारा हात स्थिर असेल तर १०० यार्डांवरील डुकराच्या खांद्यामागें ती बरोबर लागते, आणि जनावर तडफडत न राहतां लवकर मरतें. हा दयेचा भाग आम्ही मोठा मानतों. दुसरा गुण असा कीं, बोल्ट उघडला म्हणजे नळी भरलेली आहे कीं रिकामी, हें डोळ्यांनीं पाहतां व बोटानें चांचपतां येतें. ज्या घरांत मुलेंबाळें आहेत, त्या घरीं याहून मोठा गुण कोणता? तिसरें, तिच्यांत बिघडण्यासारखे भाग थोडे. बोल्ट बाहेर काढून पुसला, तेलाचा हलका हात दिला, कीं ती वर्षानुवर्षें टिकते. पेटींत पांच काडतुसें राहतात खरीं. परंतु त्याचा उपयोग फार मानूं नये. पहिल्या बाराबरोबर कळप उधळतो, आणि अंधारांत पळत्या कळपावर दुसरी गोळी झाडणें म्हणजे ती कोठें जाईल हें दैवावर सोडणें होय.

तिच्या खोडीही ध्यानांत ठेवाव्या. कोंकण-घाटमाथ्याच्या पावसांत कोणताही लांकडी दस्ता फुगतो व उन्हाळ्यांत आकसतो. त्याचा नळीवर दाब पडला कीं काल बसविलेला नेम आज सरकतो. नळींत तेल राहून गेलें तर पहिली गोळी पुढच्या गोळ्यांहून वेगळी जाते. यास्तव राखणीस निघण्यापूर्वीं कोरडी चिंधी फिरवून नळी पुसली पाहिजे. दसऱ्यास हत्याराची पूजा करण्याची चाल आमच्यांत आहे. त्याच सुमारास व पुन्हा मृगापूर्वीं, अधिकाऱ्यांच्या संमतीनें चांदमारीच्या जागीं जाऊन नेम तपासून घेण्याची चाल पडावी, अशी आमची सूचना आहे. संध्याकाळीं साधी माशी दिसेनाशी होते. चांगली दुर्बीण बसविल्यास अर्धा घटका अधिक दिसतें. पण तिच्यांतूनही डुक्कर आणि वाकून काम करणारा माणूस यांतला भेद स्पष्ट न दिसल्यास बोट चापावर जातां कामा नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रायफलीचा जो गुण, तोच आपल्या शिवारांत तिचा दोष ठरतो. ३०-०६ या मापाची गोळी नळींतून सेकंदास ८०० मीटरांच्या आसपास वेगानें निघते. नळी वर उचललेली असल्यास ती दोन मैलांपलीकडे जाऊन पडते. .३१५ ची गोळी याहून मंद. तरी एका मैलाची मर्यादा ती सहज ओलांडते. सपाट शेतांत उभें राहून झाडलेली गोळी डुकरास चुकली तर पुढें काय आहे? शेजाऱ्याचें मचाण, धनगराचा वाडा, पाणंदीनें दूध घेऊन जाणारा पोर, आणि त्यापलीकडे वस्ती. ठासणीचा छर्रा थोड्या अंतरावर निर्जीव होऊन पडतो. रायफलीची गोळी तशी पडत नाहीं. जर्मनींत रानडुकरांची शिकार मोठ्या प्रमाणावर चालते. तेथें शिकारी उंच मचाणावर बसतो, कारण वरून खालीं झाडलेली गोळी जनावरास लागो वा चुको, मातींतच रुतते. गोळीच्या मागें माती असल्याखेरीज बार करावयाचा नाहीं, हा तेथील पहिला नियम. आणि लेखी, तोंडी व नेमबाजीची परीक्षा उतरल्यावांचून शिकारीचा परवाना कोणासही मिळत नाहीं.

त्या देशाची आणखी एक गोष्ट शेतकरी संस्थांनीं मनन करण्यासारखी आहे. तेथें एका टापूंतील लहान जमीनधारकांचें मिळून एक मंडळ असतें. तें शिकारीचा हक्क मक्त्यानें देतें, व डुकरांनीं पिकाची नासाडी केल्यास भरपाईचा बोजा बहुधा मक्तेदारावर ठेविलेला असतो. म्हणजे बंदूक एकाच्या हातीं असते, पण जबाबदारी बांधलेली असते. आपली वनव्यवस्था निराळी असल्यानें ही पद्धति जशीच्या तशी येथें आणतां येणार नाहीं. तिच्यांतील तत्त्व मात्र घेण्यासारखें आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हत्याराचा परवाना हा हत्यार बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, डुक्कर उभ्या पिकास अपायकारक झालें आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देतो; तिच्यावांचून झाडलेली गोळी हा गुन्हा होय. अशा परवानगीनें मारलेलें जनावरही सरकारची मालमत्ता असतें. त्याचें मांस वांटून खाणें कायद्यास धरून नाहीं. २०१५ व २०१६ सालीं बिहार व उत्तराखंड येथील कांहीं भागांत केंद्र सरकारनें रानडुकरास ठराविक मुदतीपुरतें पीडक प्राणी ठरविलें होतें. केरळानें २०२२ सालीं वेगळा मार्ग काढला; परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला, व परवानाधारक नेमबाजांकडून हें काम करून घेण्याची व्यवस्था केली. परवानगीचा कागद तालुक्याहून येईपर्यंत पीक शिल्लक राहत नाहीं, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. आणि केरळाचा मार्ग तिला दिलेलें उत्तर आहे.

शेतकऱ्याच्या हातीं बंदूक नकोच, असें म्हणणाऱ्या भूतदयावाद्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, कायदेशीर उपाय हातीं नसला म्हणजे लोक काय करितात हें आपण पाहिलें आहे काय? कुंपणाच्या तारेंत थेट विजेचा प्रवाह सोडितात, आणि त्यांत शेजारी मरतो किंवा घरचा बैल मरतो. खाण्यांत स्फोटक दडवून ठेवितात. २०२० च्या मे महिन्यांत केरळांतील पालघाट जिल्ह्यांत स्फोटक भरलेलें फळ खाऊन गाभण हत्तीण मेली, तो प्रकार देशभर गाजला. या क्रूर व आंधळ्या साधनांपेक्षां जाणत्या हातांतील एक नेमकी गोळी शतपटीनें बरी.

उलट प्रत्येक शेतकऱ्यास रायफल द्या, असें म्हणणाऱ्यांसही आमचें सांगणें आहे. २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास सामान्यतः दोनच हत्यारें बाळगतां येतात. तेव्हां कोणतें ठेवावें हें हौसेवर नव्हे, शिवार पाहून ठरवावें. सपाट व दाट वस्तीच्या टापूंत रायफल घेऊंच नये. तेथें १२ बोअरची बंदूक, सौरशक्तीवर चालणारें झटक्याचें कुंपण आणि पाळीपाळीनें जागल हाच मार्ग होय. या कुंपणाचा झटका क्षणिक असतो. तो भिववितो, मारीत नाहीं. डोंगरउताराच्या, विरळ वस्तीच्या गांवीं रायफल उपयोगी पडेल. पण तेथेंही गांवांत एक किंवा दोन, आणि त्याही परीक्षिलेल्या हातीं.

यासाठीं संस्थांनीं पुढील गोष्टी अंगावर घ्याव्या. आपल्या टापूंतील परवानाधारकांची यादी करून ती वनाधिकारी व पोलीस यांस सादर करावी. त्यांच्यापैकीं ज्यांचा हात व स्वभाव दोन्ही स्थिर आहेत, अशांस चांदमारीवर शिक्षण मिळवून द्यावें. ज्या जागेवरून गोळी मातींतच जाईल, तेथेंच मचाणें उभारावीं. आणि ज्या रात्रीं परवानगीनें बार व्हावयाचे, त्या दिवशीं पोलीसपाटलांच्या मार्फत दवंडी पिटवून त्या शिवारांतील जागल बंद ठेवावी. यांतील एकाही गोष्टीस मोठा पैसा लागत नाहीं. एकोपा मात्र लागतो.

रायफल बाळगणाऱ्या शेतकऱ्याची परीक्षा त्यानें किती डुकरें मारिलीं यावरून आम्ही करणार नाहीं. मागें माती नाहीं, किंवा जनावर नीट ओळखूं येत नाहीं, म्हणून ज्या रात्रीं त्यानें बोल्ट उघडून काडतूस काढून घेतलें व पिकाचें नुकसान सोसलें, त्या रात्रींवरून ती करावी लागेल. असे पुरुष प्रत्येक गांवीं एक-दोन तरी असतातच. संस्थांनीं ते शोधावे, आणि सरकारनें त्यांच्यावर विश्वास टाकून परवानगी वेळीं द्यावी, एवढीच आमची मागणी आहे.