स्वेच्छेची संहिता की कायद्याचे बंधन?

दारूचे दुकान कोठे असावे, त्याची दर्शनी मांडणी कशी असावी, माल कोणाला व कोणत्या अटींवर विकावा, हे व्यापाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवावे की कायद्याने बांधून टाकावे, हा वाद नवा नाही. म्हैसूरचे नाव मिरवणाऱ्या एका सरकारी कंपनीचे उदाहरण समोर ठेवले की या वादातील खरी गोम ध्यानात येते.

‘म्हैसूर सेल्स इंटरनॅशनल लिमिटेड’ ही कंपनी १९६६ साली, राज्याचे नाव अद्याप म्हैसूर असताना स्थापन झाली. ही कंपनी शाळकरी मुलांसाठी ‘लेखक’ छापाच्या वह्या विकते आणि हीच कंपनी राज्यभरातील शेकडो दुकानांतून दारूही विकते. दारूचा घाऊक व्यापार २००३ पासून कर्नाटक सरकारच्याच दुसऱ्या महामंडळाच्या हाती आहे. परवाना देणारे, माल पुरवणारे, कर घेणारे आणि तपासणी करणारे सारे एकच. वर गल्ल्यावरही तेच बसलेले! २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अबकारी उत्पन्नाचे उद्दिष्ट ४० हजार कोटी रुपयांचे ठेवण्यात आले. अशा सरकारने आपल्याच दुकानांच्या बाबतीत स्वेच्छेने संयम पाळावा, ही अपेक्षा कितपत वास्तव आहे?

खाजगी व्यापाऱ्यांच्या स्वेच्छेचा अनुभव आयर्लंडने घेतला आहे. किराणा दुकानात दारू इतर मालापासून वेगळी मांडावी, असे कलम तेथे २००८ च्या कायद्यात होते. परंतु दुकानदारांनी स्वयंनियमनाची संहिता पुढे केली आणि सरकारने ते कलम अंमलात आणण्याचे टाळले. अखेर २०१८ साली नवा कायदा करावा लागला आणि १२ नोव्हेंबर २०२० पासून आडोसा किंवा बंद कपाट सक्तीचे झाले. संहितेवर विसंबण्यात मधली बारा वर्षे गेली. नफा हाच ज्या व्यवहाराचा प्राण आहे, त्यात विक्री घटवणारा नियम कोणी आपखुशीने पाळत नाही. याला एखाद्या दुकानदाराचा स्वभाव नव्हे, तर त्या व्यवहाराची रचनाच कारण आहे.

आपल्या देशातही हेच घडले. जाहिरात व्यवसायाने १९८५ साली स्वतःची मानक परिषद स्थापन केली. २००० साली दूरचित्रवाणीवरील दारूच्या जाहिरातींना नियमाने बंदी झाली, तेव्हा तीच नावे सोडा, पाणी आणि संगीताच्या तबकड्यांच्या मिषाने पडद्यावर परतली. शेवटी जून २०२२ मध्ये अशा आडवळणाच्या जाहिरातींविरुद्ध केंद्राला मार्गदर्शक नियम जाहीर करावे लागले.

मग कायदा केला म्हणजे प्रश्न सुटला काय? तसेही नाही. कर्नाटकाच्या १९६७ च्या अबकारी नियमांनुसार शाळा, देवस्थान, रुग्णालय व सरकारी कचेरी यांपासून शंभर मीटरच्या आत दुकानाला परवाना देता येत नाही. प्रामुख्याने अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या भागातही तो देता येत नाही. नियम चांगला आहे. पण मोजपट्टी कोणाच्या हाती, हा सवाल उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील दुकाने बंद करण्याचा आणि महामार्गावरील दारूचे फलक काढण्याचा आदेश दिला. त्यावर अनेक राज्य सरकारांनी काय केले? दुकाने हलवण्याऐवजी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून घेण्याचा सपाटा लावला! पुढे ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयानेच पालिका हद्दीतील दुकानांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले आणि म्हैसूरसारख्या शहरांतील दुकानांवरील टांगती तलवार दूर झाली.

कायद्याची दुसरी मर्यादा कष्टकऱ्यांनी प्राण देऊन जाणली आहे. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात स्वस्त ताडीमाडीच्या जोडीची गरिबांची ‘सारायी’ बंद झाली. श्रीमंतांच्या बाटल्या मात्र फळीवर तशाच राहिल्या. वर्ष उलटण्याच्या आत, मे २००८ मध्ये, विषारी दारूने बंगळूरू, कोलार व लगतच्या तमिळनाडूत शंभराहून अधिक बळी घेतले. मृतांत बहुतांश मजूर होते. वर्गीय दृष्टीने आंधळी असलेली बंदी गरिबाला दुकानातून उठवून गुत्त्यात ढकलते, हा त्याचा धडा होय.

तेव्हा स्वेच्छा की कायदा, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. कायदा हवाच; पण तो राबवून घेणारी शक्तीही हवी. जानेवारी २०२३ मध्ये मद्य खरेदीचे वय २१ वरून १८ करण्याचा मसुदा कर्नाटक सरकारने मांडला आणि हरकतींचा भडिमार होताच मागे घेतला. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, हजारो ग्रामीण स्त्रिया दारूबंदीची मागणी घेऊन चित्रदुर्गाहून बंगळूरूपर्यंत पायी चालल्या होत्या. घरी येणाऱ्या मजुरीतला किती हिस्सा गल्ल्यावर जातो, हे त्यांच्याइतके कोणत्याही अबकारी अधिकाऱ्याला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर दुकान बंद होते. हा अधिकार कर्नाटकातील स्त्रियांनाही मिळाला पाहिजे. दुकानाची जागा, फलक आणि वेळा यांच्या तपासणीत स्थानिक स्त्रिया व कामगार संघटना यांचे प्रतिनिधी घेतले पाहिजेत. सरकारने स्वतः दुकानदारी करावयाची असेल, तर उद्दिष्ट अधिक विक्रीचे असता कामा नये; आणि उत्पन्नाचा ठराविक वाटा व्यसनमुक्ती केंद्रांवर खर्च झाला पाहिजे.

संहिता व्यापारी लिहितो, कायदा सरकार लिहिते. दोन्हींचा हिशेब मात्र कष्टकऱ्याच्या घरात चुकता होतो. त्या घराला या प्रश्नावर मताचा अधिकार मिळवून देणे, हेच आजचे काम आहे.