किमान की कमाल? ‘रॅलीच्या वंशा’ची एक दंतकथा

१/ ऑक्टोबर २०२५. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली ती अवघ्या १०० गाड्यांच्या तुकडीत. किंमत जवळपास ५० लाख, तरीही सर्व गाड्या आगाऊ नोंदणीतच संपल्या. रॅलीच्या वंशातली आणि दुर्मीळ, म्हणून संग्राहकांनी तिला डोक्यावर घेतले. ही दोन्ही विशेषणे इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहायला हवीत.

२/ मोटार-रॅलीचा जुना नियम असा : स्पर्धेत उतरवायची गाडी सामान्य ग्राहकालाही विकलेली असली पाहिजे, तीही ठरावीक संख्येत. या मान्यतेला ‘होमोलोगेशन’ म्हणतात. १९६३ मध्ये लोटस कॉर्टिनासाठी ही अट १,००० गाड्यांची होती. साध्या कौटुंबिक गाडीत शर्यतीचे इंजिन बसले, ते या अटीपायी.

३/ या गाडीच्या पुढच्या पिढीने महाराष्ट्रही पाहिला आहे. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनचा आशियातील टप्पा मुंबईत संपला, तेव्हा आघाडीवर होती रॉजर क्लार्क आणि ओव्ह अँडरसन यांची लोटस कॉर्टिना. तिथून गाड्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या.

४/ पुढे ‘ग्रुप ए’ वर्गात ही अट ५,००० गाड्यांची झाली आणि १९९३ मध्ये २,५०० वर आली. लान्सिया डेल्टा इंटिग्राले, फोर्ड एस्कॉर्ट कॉसवर्थ या गाड्या या वर्गाच्या. इथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच : हा आकडा ‘किमान’ होता. कारखान्याला एवढ्या गाड्या बनवाव्याच लागत.

५/ मग ऑक्टाव्हिया आरएसचे काय? स्कोडाचा रॅलीतला वारसा खराच आहे. १९७७ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत १३० आरएसने आपला वर्ग जिंकला. ऑक्टाव्हिया १९९९ ते २००३ या काळात जागतिक स्पर्धेत धावली. २००१ च्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्त्झ तिसरा आला.

६/ परंतु १९९७ पासून ‘वर्ल्ड रॅली कार’ हा नवा नियम लागू झाला होता. त्यामुळे अशी खास आवृत्ती ग्राहकांना विकण्याचे बंधन उरले नाही. रॅलीतली ऑक्टाव्हिया चारही चाकांवर जोर लावी. रस्त्यावरची आरएस केवळ पुढच्या दोन. नाते आहे, पण ते आडनावाचे. त्याला वंश म्हणणे ही अतिशयोक्ती होय.

७/ आता ‘दुर्मीळ’ या शब्दाकडे वळू. सप्टेंबर २०१८ मध्ये नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडील केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक सवलत दिली. परदेशी मान्यता मिळालेल्या गाड्या कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत आणता येतील. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून पुन्हा होमोलोगेशन नको. २०२० मधील २०० आरएस २४५ गाड्या याच वाटेने आल्या.

८/ योगायोग पाहा. शब्द तोच, ‘होमोलोगेशन’. आकडाही तोच, २,५००. अर्थ मात्र उलटा झाला. रॅलीच्या जगात तो किमान होता, इथे तो कमाल झाला. तिथे मान्यता मिळवण्यासाठी खास गाडी जन्मली. इथे मान्यतेतून सूट मिळाली म्हणून ती आली. १०० हा आकडा तर विक्रेत्याने स्वतःच आखलेली रेघ आहे.

९/ गाडी उत्तम आहे, हे कोणी नाकारत नाही. प्रश्न इतिहासाचा आहे. नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघाले की छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रा लागते. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली. २००४ मध्ये पहिली आरएस भारतात आली : १.८ लिटर टर्बो-पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. टर्बो-पेट्रोल हा प्रकार इथल्या चालकांना जवळजवळ अपरिचित असतानाची ही गोष्ट.

१०/ त्या गाडीवर ‘मर्यादित’ असा शिक्का नव्हता. म्हणूनच ती आज उपेक्षित आहे. २०२१ च्या नियमानुसार ‘व्हिंटेज’ ठरण्यास ५० वर्षे लागतात. तिच्यासाठी ते वर्ष २०५४. तोवर ती केवळ ‘जुनी गाडी’. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी १०,०००. जपण्याजोगी गाडी आणि भंगार यांच्यातला भेद ना कायदा करतो, ना बाजार.

११/ तो भेद करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम. शंभरांतली नवी आरएस वातानुकूलित गॅरेजात सुखरूप राहील. तिला कोणाच्या रक्षणाची गरज नाही. २००४ च्या गाडीची सर्व्हिस-पुस्तिका, तिचे सुटे भाग शोधणारे मेकॅनिक, शेंद्र्यात ती जोडणाऱ्या कामगारांच्या आठवणी मात्र रद्दीत आणि विस्मृतीत चालल्या आहेत. दुर्मीळ म्हणायचेच, तर आज ते दुर्मीळ आहे.