निराशा कीं उद्योग ?

पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेविषयीं अलीकडे जें वाचावयास मिळतें, तें वाचून हातपाय गळावेत असेंच असतें. सन २०२४ हें मोजमापें ठेवूं लागल्यापासूनचें सर्वांत उष्ण वर्ष ठरलें. यंत्रयुगापूर्वींच्या मानानें त्या वर्षींची उष्णता सुमारें दीड अंशानें अधिक होती. हें ऐकून वरच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "आतां करण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, मग उगीच सभा नि अर्ज कशाला?" त्याच्या बोलण्यांत आळस नव्हता, खरें दुःख होतें, म्हणून त्यास रागें भरून भागणार नाहीं.

परंतु त्याच्या विचारांत गणिताची एक चूक आहे. कोळसा व तेल जाळल्यानें निघणारा कर्बवायु हवेंत शेंकडों वर्षें सांचून राहतो, आणि जितका सांचेल तितकी उष्णता वाढते. ही कांहीं पास-नापासाची परीक्षा नव्हे. दीड अंशाची मर्यादा ओलांडली, तरी दोन अंश आणि तीन अंश सारखे होत नाहींत. मधल्या प्रत्येक दशांशामागें कोणाचें तरी शेत, कोणाचें तरी घर आहे.

पॅसिफिक महासागरांतील व्हानुआटु या द्वीपराष्ट्राची वस्ती सुमारें तीन लाख. मार्च २०१५ मध्यें 'पाम' नांवाच्या चक्रीवादळानें त्या बेटांची दाणादाण उडविली. निराश होण्याचा अधिकार कोणास असेल, तर तो अशा बेटांवरील तरुणांस. तेथें दक्षिण पॅसिफिक विद्यापीठांत कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनीं २०१९ सालीं ठरविलें कीं, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयास एक प्रश्न विचारला जावा : हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे कीं नाहीं ? विद्यार्थ्यांस त्या न्यायालयाचें दार ठोठावतां येत नाहीं; म्हणून त्यांनीं सरकारांस पत्रें लिहिलीं, माणसें जोडलीं, वाट पाहिली. २०२१ सालीं व्हानुआटूच्या सरकारनें तें काम अंगावर घेतलें. २९ मार्च २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें सर्वसंमतीनें तो प्रश्न न्यायालयाकडे धाडला. डिसेंबर २०२४ मध्यें ९६ राष्ट्रांनीं, आपल्या भारतानेंही, तेथें आपलें म्हणणें मांडलें. आणि २३ जुलै २०२५ रोजीं न्यायाधीशांनीं एकमुखानें मत दिलें कीं, असें कर्तव्य आहे, व तें मोडल्यास भरपाईचीही जबाबदारी येऊं शकते.

हें मत सल्ल्याच्या स्वरूपाचें आहे. तें अंमलांत आणणारा शिपाई कोठें नाहीं. समुद्र त्यामुळें बोटभरही खालीं गेला नाहीं. तथापि सरकारास जाब विचारणाऱ्याच्या हातीं आज एक आधार आहे, जो पूर्वीं नव्हता.

आमच्याकडे कित्येक शाळांतून झाडें लावण्याचा समारंभ होतो, छायाचित्रें निघतात, आणि पुढल्या वर्षीं बहुधा त्याच खड्ड्यांत पुन्हां रोपें लागतात. झाडें लावूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण वीज कोणत्या इंधनापासून करावी, ओढ्याच्या पात्रांत घरें बांधूं द्यावीं कीं नाहीं, हे निर्णय त्या खड्ड्यांत होत नाहींत. ते नगरपालिकेंत व विधिमंडळांत होतात. आणि तेथें कोणी विचारणारा नसेल, तर विचारल्यावांचूनच होतात. पालकांस मताचा अधिकार आहे. मुलांस तो नाहीं. पण अर्ज लिहिण्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागत नाहींत.

तो विद्यार्थी परवां पुन्हां भेटला. त्याचें मन पालटलें आहे असें नव्हे. मात्र नगरपालिकेच्या सभेस बाहेरच्यांस बसूं देतात काय, असें त्यानें विचारलें. आम्हांस ठाऊक नव्हतें. चौकशी करून सांगूं, असें आम्ही म्हणालों.