मार्चची विहीर

पाऊस लहरी झाला, विहिरी आटल्या, आता काही खरं नाही. रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावांत हे ऐकू येतंच, पण हल्ली शेतकऱ्यापेक्षा पाणलोटात काम करणाऱ्या आपल्याच लोकांच्या तोंडी ते जास्त असतं. त्यावर उतारा म्हणून आपण दाखवतो काय, तर काठोकाठ भरलेल्या बांधाचा ऑक्टोबरातला फोटो. त्यानं कुणाचंही समाधान होत नाही, आणि होऊही नये.

वाशिमच्या जमिनीखाली बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत पाणी साठायला जागा जेमतेम एक-दोन टक्के. दोन टक्के धरले, तर विहिरीची पातळी मीटरभर चढायला २० मिलिमीटर पाणी मुरलं की पुरे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे बऱ्या वर्षी ऑक्टोबरात विहिरी भरणारच, बांध असो वा नसो.

निकाल लागतो मार्चमध्ये, हरभरा निघाल्यावर. बांधाखालची एक विहीर घ्यावी. दुसरी शेजारच्या नाल्यावरची, तोच पाऊस, साधारण तेवढाच उपसा, पण बांध नसलेली. आदल्या संध्याकाळपासून दोन्ही पंप बंद. काठावर लाल रंगाची खूण करून दरवेळी तिथूनच टेप सोडायचा. दोन्हींतला फरक चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही पावसांत टिकला, तर तेवढी आशा आपल्या हक्काची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. त्या नोंदी जोडीला ठेवाव्यात, पण तुमच्या नाल्याचं त्यांवरून कळणार नाही.

जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगनं २०२० मध्ये म्हटलं, तेव्हा आपल्यातले बरेच जण दुखावले. खोडून काढायला मार्चच्या नोंदींची वही कितींकडे होती?

हिवरे बाजारचं नाव काढलं की आता जांभया येतात. समतल चर आणि झाडी सगळ्यांना पाठ आहे. पण तिथे पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, आणि गाव तो मोजतं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं, पाणी कमी असेल त्या वर्षी पिकं त्या बेतानं घेतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. आपल्याकडे बांध भरला की आजूबाजूला नव्या बोअर पडतात, आणि एप्रिलमध्ये आपणच म्हणतो, बांध फसला. बांध फसला की उपसा वाढला, हे वहीशिवाय सांगणार कसं?

पुढच्या अंकापासून एक पान विहिरींच्या अशा जोड्यांसाठी राखून ठेवलं आहे. नोंदीसोबत गावचा पाऊस आणि त्या भागातल्या नव्या बोअरची संख्या कळवावी. ज्या जोड्यांत काहीच फरक पडलेला नाही, त्या आधी छापू.